बेलकोंबची शनिवारची खेप

मी गास्पारचा म्हातारा बोलतोय. हे नाव माझ्या ड्रायव्हरनं, गास्पारनंच ठेवलेलं. तसा मी आठ प्रवाशांची निळी गाडी. जिनिव्हाच्या विमानतळावर माणसं घ्यायची आणि डोंगरातल्या स्कीच्या गावांत नेऊन सोडायची, हेच माझं काम. भाडं सगळ्यांत वाटलेलं, त्यामुळे ओळख ना पाळख अशी माणसं माझ्यात मांडीला मांडी लावून बसायची.

कारखान्यातून निघालो तेव्हा बर्फ मला ठाऊक नव्हता. आधी खाली सपाटीवर एका बेकरीवाल्याकडे पाव वाहिले. पुढे गास्पारनं घेतलं, बैठका बसवल्या, टपावर स्की बांधायला दांड्या लावल्या. पण पावाचा वास काही गेला नाही. उन्हात उभा राहिलो की प्रवासी म्हणायचे, "अचानक भूक कशी लागली हो?"

माणसांची गंमत बघा. वर जाताना जो तो खिडकीला नाक लावून गप्प. आठवड्यानं उतरताना तीच नाकं सोललेली, एकाचा पाय प्लास्टरात, आणि सगळ्यांत जास्त बोलणार तोच. मी पुष्कळ ऐकलं. वाईटापेक्षा चांगलं जास्त ऐकलं, हे माझं भाग्य.

एक शनिवार सांगतो. आमच्याकडे घरं शनिवार ते शनिवार भाड्यानं जातात, म्हणून शनिवारी सगळी दुनिया एकाच रस्त्यावर. माझ्यात तिघं येऊन बसले होते. योस्ट नावाचा उंच डच गडी, आणि डोरीन नि हॅरॉल्ड हे इंग्रज म्हातारा-म्हातारी. चौथी यायची होती, आमच्या फ्रान्समधल्या बेलकोंब गावचीच सोलांज. लंडनच्या हॉटेलात चादरी धुण्याच्या कामाला. तिची छोटी नोएमी मावशीकडे राहायची. त्या संध्याकाळी गावातली पोरं हातात मशाली धरून स्कीवरून अंधारात डोंगर उतरणार होती, आणि नोएमीला यंदा पहिल्यांदा मशाल मिळाली होती. नाताळला सोलांजला सुटी मिळाली नव्हती. "मशालीला नक्की येते," असा शब्द तिनं लेकीला दिला होता. मावशीनं सकाळी माझ्या दारावर हात ठेवून हे सगळं गास्पारला सांगितलं होतं.

तिचं विमान उतरून बराच वेळ झाला. सोलांजचा पत्ता नाही. फोनही बंद.

"अहो ड्रायव्हर," योस्ट म्हणाला, "एका बाईसाठी आम्ही किती ताटकळायचं? माझ्या भाड्याच्या घराची चावी मिळते ते ऑफिस बंद होईल."

"जरा दम धरा हो," डोरीनबाई म्हणाल्या. "आमचे हे तर लग्नालाही उशिरा आले होते."

"यायचं की नाही, तेच ठरत नव्हतं," हॅरॉल्ड पुटपुटले.

तेवढ्यात गास्पारनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! ती फ्रेंच दारानं गेली!"

आमच्या विमानतळाला दोन दारं. एक स्वित्झर्लंडकडचं, एक फ्रान्सकडचं. परकी माणसं पाट्या वाचून नीट येतात. आमची माणसं पाटी वाचतच नाहीत, सरळ आपल्या देशाच्या दारानं चालू लागतात. आणि मी उभा होतो दुसऱ्या बाजूला.

गास्पार धावला. बऱ्याच वेळानं तिची पेटी ओढत परत आला, मागं धापा टाकत सोलांज.

"माफ करा हो, पाय आपोआपच तिकडं वळले," ती म्हणाली. "काका, पोचू ना?"

गास्पारनं तिची पेटी आत ढकलली. त्यानं किल्ली फिरवली.

रस्ता मुंगीच्या चालीनं सरकत होता. दिवस कलला. योस्टचं गाव आधी लागायचं, मग म्हाताऱ्यांचं, बेलकोंब सगळ्यांत वर. प्रत्येक ठिकाणी टपावरचं सामान सोडा, पुन्हा बांधा. सोलांज मांडीवर हात घट्ट दाबून बसली होती. डोरीनबाईंनी विचारलं तेव्हा तिनं लेकीचं सांगितलं.

"मग आधी वरच चला की," डोरीनबाई म्हणाल्या. "आम्हाला उतरताना सोडा."

सगळे योस्टकडं बघू लागले. त्यानं फोन काढला, चावीच्या ऑफिसातल्या बाईशी बराच वेळ हुज्जत घातली, मग फोन खिशात टाकला.

"चावी बर्फाच्या फावड्यामागं ठेवते म्हणाली. सापडली नाही, तर तुमच्याकडं झोपायला येईन, गास्पार."

"या. बायकोचं घोरणं ऐकाल, तेवढी तयारी ठेवा."

त्याचं गाव मागं पडलं. शेवटच्या चढावर ताजा बर्फ होता आणि माझी चाकं जागच्या जागी फिरू लागली. बर्फावर पकड यावी म्हणून चाकांना साखळ्या चढवायच्या होत्या. गास्पारची बोटं गारठलेली. योस्ट न सांगता खाली उतरला, बर्फात गुडघे टेकून कड्या ओढू लागला. हॅरॉल्ड बॅटरी धरून उभे राहिले. मी एवढंच ठरवलं, की आज घसरायचं नाही.

बेलकोंबला पोचलो तेव्हा वर डोंगरावर पहिली मशाल पेटली होती. सोलांज पेटी माझ्यातच टाकून लंडनच्या पातळ कोटात धावली. उजेडाची ओळ वळणं घेत खाली आली. पोरांना हात हलवता येत नाही, हातात मशाल असते. एक बारकी पोर मात्र ओळीतून मान वळवून वळवून गर्दीत कुणाला तरी शोधत होती. मग तिची मान थांबली. "आई!" असं ती इतक्या जोरानं ओरडली, की बंद काचांतून मला ऐकू आलं.

माझे तिघं प्रवासी केव्हाच उतरून गर्दीत मिसळले होते. खाली चला, असं कुणी म्हणेना.

आता माझं इंजिन गेलं. गास्पारच्या अंगणात उभा आहे, त्यानं माझ्यात जळणाची लाकडं रचलीत. लाकडं काही बोलत नाहीत. तक्रार नाही; ज्यांनी ज्यांनी माझ्यात बसून एकमेकांना कोपराची जागा दिली, त्यांचे उपकार आठवत वेळ बरा जातो.

येतो मी. तुम्ही कधी अशा वाटून घेतलेल्या गाडीत बसलात आणि कुणी धापा टाकत उशिरा आलं, तर एवढं करा. आधी सरका. कारण मग विचारा.