नवशाने दाखवलेलं हाड

साल १९९८. टोकावड्याच्या पलीकडच्या आमच्या पाड्यांत तेव्हा हाड मोडलं की दवाखान्याचं नाव कोणी काढत नसे. सगळे नवशाच्या ओटीवर जात. नवशा हाडवैद. बांबूच्या कामट्या, पाल्याचा लेप आणि वर घट्ट पट्टी. हाड जुळलं की फक्त नारळ घेई. पथ्य एकच सांगे, वांगं खायचं नाही.

पाड्यातली लहानी शेताच्या बांधावरून घसरली आणि तिची नडगी मोडली. नवशाने पट्टी अशी करकचून आवळली की तिसऱ्या दिवशी पाऊल काळंनिळं पडलं. ती कळवळली तर म्हणाला, "सोस गो, बायांना जरा जास्तीच दुखतं." पंधरवड्याने पट्टी सुटली तेव्हा आत पू. कल्याणच्या इस्पितळात नडगीचं दोन बोटं लांबीचं हाड कुजलं म्हणून काढून टाकावं लागलं.

इकडे नवशा सांगत सुटला, "लहानीने वांगं खाल्लं." धाकलूने, तिच्या नवऱ्याने, तेच खरं धरलं. "जिभेपायी पाय घालवलास," असं तो तिला उठताबसता ऐकवी. लहानीने वांग्याला हातही लावला नव्हता. पाय अधू झाल्याचं तिने सोसलं असतं, हे खोटं सोसेना. नवशाच्या ओटीवर, नवशाच्याच तोंडून ते उघडं पाडायचं, एवढं एकच तिने मनात धरलं.

जखम वाळल्यावर इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी हाडाच्या पोकळीत साबुदाण्याएवढे पांढरे दाणे भरले. "ही भट्टीत भाजलेली माती समज," त्या म्हणाल्या. "हाडात जे असतं त्याचीच केलेली. तुझं हाड हिला परकी मानणार नाही. हिच्यात शिरेल, हळूहळू एक होईल." त्यांनी एक्स-रेचा फोटो दाखवला. दाण्यांची जागा बाकीच्या हाडापेक्षाही पांढरी दिसत होती. लहानी बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिली आणि तिने फोटो मागून घेतला.

वर्षभराने ती काठीशिवाय चालू लागली. मंगळवार हा नवशाचा पट्ट्यांचा वार. ती नारळ घेऊन गेली, धाकलूलाही ओढत नेलं. ओटीवर आठदहा माणसं होती.

"नवशादा, पाय जुळला. नारळ आणलाय."

नवशा फुलला. "बघा रे! डॉक्टरांनी उगाच चिरफाड केली. मूळ बांधणी कोणाची?"

"तुमचीच की." लहानीने फोटो उन्हाकडे धरला. "तुमी जुळवलेलं हाड यात कुठलं, ते दाखवा लोकांना."

नवशाने असला फोटो कधी नीट पाहिला नव्हता, पण माघार कशी घेणार? त्याने सगळ्यात पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "ह्ये! कसं दळदार झालंय. माझ्या हातचं."

लहानीची शेजारीण गुणाबाई म्हणाली, "नक्की ना दादा? बोट हलवू नका हां."

"अगो, चाळीस वर्षं हाडं बघतोय मी!"

"ते हाड नाय," लहानी म्हणाली. "भाजलेली माती हाय, डॉक्टरणीने भरलेली. तिथं हाड होतं, ते तुमच्या पट्टीने कुजवलं. आता सांगा, वांगं कोणी खाल्लं?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. नवशा चिडून ओरडला, "कपबशी बसवून आलीय पायात!"

"होय, कपबशीच. तुमच्या तोंडापेक्षा खरी हाय."

हात मोडलेला एक गडी हात झोळीत घालून ओटी उतरला. मग दुसरा उतरला. लहानीने नारळ परत पदरात घेतला.

नवशाकडे त्यानंतर फक्त लंगडी गुरं येत. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत तो बैलांचे पाय बांधत बसे. २००६ साली वारला. धाकलू मयतीला गेला, लहानी गेली नाही. धाकलूने वांग्याचं नाव पुन्हा काढलं नाही, पण बायकोची माफीही मागितली नाही. गुणाबाई मुलाकडे शहापूरला राहायला गेली. डॉक्टरीणबाईंची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी काढलेल्या फोटोत दाणे आणि हाड वेगळं ओळखू येत नव्हतं. हात मुरगळला तरी आता मुरबाडचा दवाखाना गाठावा लागतो म्हणून बाया लहानीला बोल लावत. ती म्हणे, "लावा." आणि भाताच्या खाचरात पुढची काडी रोवी.