चाळीसपट उजेड

चार महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत तिने आनंदाने उडी मारली होती. त्या उडीचा आता तिला संताप येत होता. न दिसणारा लेसर टाकला की हिरवे चमकणारे तिचे सूक्ष्म कण साध्या काचेवर नुसते मिणमिणायचे. सोन्याचे बारीक ठिपके असलेल्या काचेवर मात्र चाळीसपट उजळले होते. तिच्या मार्गदर्शक सरांनी ते चाळीस परिषदेत सांगितले, पाहुण्यांना सांगितले, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालाही सोडलं नाही. शोधनिबंध स्वीकारला गेला. तो पुढच्या महिन्यात छापून आला की सहा वर्षं रखडलेली पीएचडी तिच्या हातात पडणार होती.

आणि आज तिला कण मोजायची अवदसा आठवली.

सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत काचेवर अठरा कण होते. तेवढ्याच जागेत सोन्यावर दोनशे बारा! थेंब वाळताना ठिपक्यांच्या कडांना अडकून सगळे तिथेच गोळा झाले होते. गर्दी जास्त, म्हणून उजेड जास्त. सोन्याची खरी करामत जेमतेम साडेतीनपट. तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

"तुला मोजायला सांगितलं होतं कुणी?" तिने हे सांगताच सर कडाडले. "आण तो फोटो. मी मोजतो."

चष्मा कपाळावर चढवून, पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवत सर मोजायला बसले. दोनदा फोन वाजला, दोनदा आकडा विसरले, दोन्ही वेळा तिच्यावरच खेकसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. हसावं की रडावं, तिला कळेना.

"दोनशे नऊ!" सर एकदम म्हणाले. "तुझ्यापेक्षा तीन कमी!"

"सर, तरी साडेतीनपटच येतं."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "मागे घ्यावा लागेल निबंध. सगळं पहिल्यापासून. तुझं आणखी एक वर्ष गेलं."

"हो सर."

"गप्प बसली असतीस तर पुढच्या महिन्यात डॉक्टर झाली असतीस! कशाला मोजलंस, अं?"

तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, सोन्यावर कण कमी असतील. म्हणजे चाळीसाचे पन्नास होतील."

सरांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. निबंध मागे घेत असल्याचं पत्र तिने लिहिलं. सही दोघांनी केली.