कानांची भरपाई

माझी आई ठार बहिरी आहे आणि तिच्यापासून काहीही लपत नाही. भवानी पेठेत सिद्रामप्पांच्या टॉवेलच्या कारखान्यात तिने अर्धं आयुष्य मागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या. तिथे माग सुरू झाले की शेजारणीची हाकसुद्धा पोचत नाही, म्हणून बाया नुसते ओठ हलवून बोलतात. सासूची गाऱ्हाणी, पोरींची स्थळं, मुकादमाचा चोंबडेपणा, सगळं ओठांवरच. आईला तर तेलुगू ओठही वाचता येतात. समोरच्या तेलुगू बाया आपल्याबद्दल काय बोलतात ते कळावं एवढ्यासाठी शिकले, असं ती स्वतःच सांगते.

कान कधी गेले ते म्हणूनच तिला कळलं नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मागांच्या खडखडाटाने नसा गेल्यात, आता परत येणार नाहीत. वर म्हणाले, "पण मेंदू हुशार असतो. कानांचं काम त्याने डोळ्यांवर टाकलंय." मला त्या मेंदूचं भारी कौतुक वाटलं. तोच पुढे आमच्या मुळावर आला.

सिद्रामप्पांनी तिला घरी बसवलं. सरकारी शिबिरात कानाचं मशीन मिळालं, पण ते लावलं की तिला माणसाचं बोलणं नाही, फक्त घरघर यायची. ते कपाटात गेलं आणि आईने नुकसानभरपाईचा दावा लावला.

"पैसं आलं तर बरंच हाय," ती म्हणाली. "पर माजं कान कारखान्यानं नेलं, एवढं कुणीतरी लिवून दिलं पायजे."

कारखान्यातल्या आणखी काही बायांचे कान गेले होते. चांगुणाचं, म्हणजे माझ्या आईचं, काय होतं ते बघू आणि मग आपण जाऊ, म्हणून त्या थांबल्या होत्या.

कामगार न्यायालयातल्या साहेबांसमोर पहिल्या सुनावणीला सिद्रामप्पा खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. ते आपल्या वकिलाकडे झुकून काहीतरी पुटपुटले. आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. आई मात्र जागेवरूनच कडाडली, "गप बसंल म्हणता? गप बसायला मी मुकी हाय व्हय, मालक? बहिरी हाय मी!"

मालकाचा वकील आनंदाने उभाच राहिला. "साहेब, एवढ्या लांबून कुजबुज कळते आणि म्हणे बहिरी!"

आमच्या ऋतुराज वकिलांनी ओठ वाचण्याचं समजावून सांगितलं, डॉक्टरांचा दाखलाही पुढे केला. त्यावर तो गृहस्थ म्हणतो कसा, "मग तर प्रश्नच मिटला. कायदा नुकसान भरून देतो. इथे निसर्गानेच भरून दिलंय. माझ्या अशिलाने आणखी काय भरायचं?"

असा संताप आला मला! चोराने घर लुटावं आणि घरधन्याने चटणी-भाकरीवर दिवस काढले तर म्हणावं, बघा, यांचं काही अडलं नाही.

बाहेर आल्यावर ऋतुराज वकिलांनी मला बाजूला घेतलं. "प्रतिक्षाताई, पुढच्या तारखेला आईंना मान खाली घालून बसायला सांगा. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. बघितलं नाही तर कळणार नाही, कळलं नाही तर बोलणार नाहीत. एवढं एक करा."

मलाही ते पटलं. घरी मी आईसमोर बसून तिला दहा वेळा समजावलं. खोटं कुठे बोलायचंय, फक्त खाली बघायचंय.

"चोरावानी?" आई म्हणाली.

"अगं, दावा जाईल."

"जाऊ दे की. कान त्यांनी नेलं ते नेलं, आता मानबी देऊ व्हय त्यांना? मी डोळं वापरून जगले त्याची मलाच लाज वाटावी, असं म्हण की सरळ!"

आमच्या घरात आईशी वाद घालून कुणी जिंकलेलं मला आठवत नाही.

तारखेला ती ताठ मानेने बसली. मालकाच्या वकिलाने मुद्दाम हळू आवाजात प्रश्न विचारले आणि आईने प्रत्येकाचं चोख उत्तर दिलं. ऋतुराज वकिलांनी कपाळाला हात लावला. मला रडू यायला लागलं. दावा गेलाच होता.

"बघितलंत साहेब?" तो वकील म्हणाला. "बाईंचं काही अडलेलं नाही."

आई उठली. "साहेब, हे मी शिकले. माज्या डोळ्यानं शिकले, मालकानं शिकवलं न्हाय. माज्या कष्टाचं त्यांच्या नावावर कसं मांडता? आता हे बी बघा." तिने खुर्ची फिरवली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली.

वकिलाने नाव विचारलं, गाव विचारलं. आई ढिम्म. साहेबांनी स्वतः दोनदा मोठ्याने हाक मारली. मग तो वकील चिडून ओरडला, "बाई, तुमचा पदर पेटलाय!"

सगळी खोली दचकली. मी झटकन तिच्या पदराकडे बघितलं. सिद्रामप्पासुद्धा अर्धवट उठले. एकटी आई तेवढी शांत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होती.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने विचारलं, "काय म्हनलं?"

"पदर पेटलाय म्हणाले."

तिने पदर चाचपला, हात जागीच थांबला. क्षणभर ती घाबरली, मला दिसलं ते. मग ती वळली.

"साहेब, खरंच पेटला असता तर मला भाजल्यावरच कळलं असतं," ती म्हणाली. "पाठीला डोळं न्हाईत माज्या. ह्याची भरपाई निसर्गानं कुटं केलीय, ते ह्या वकिलांना इचारा."

वकील कागद चाळत राहिला. साहेब टाइप करणाऱ्या बाईंकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या."

"थांबा," आई म्हणाली. "काय लिवताय ते माज्याकडं तोंड करून सांगा."

साहेबांनी खुर्ची आईकडे वळवली आणि एकेक शब्द सावकाश, तिच्याकडे बघत सांगायला सुरुवात केली, "बाईंचे कान कारखान्यातल्या मागांनी गेले..."