चिमणीच्या उजव्या कडेवर

मधुकरने गोल्फच्या क्लबचं पातं दोन बोटांत धरून चेंडूमागे टेकवलं आणि ह्युबर्टच्या डाव्या बुटावर चापटी मारली. बूट बोटभर मागे सरकला.

"विहिरीच्या कठड्यावर मार," तो म्हणाला. "अलीकडे पडला तरी चालेल."

"आणि विहिरीत पडला तर?"

"तर तूच उतर. माझा गुडघा बाद आहे."

ह्युबर्ट हसला, क्षणभर थांबला आणि त्याने फटका मारला. चेंडू सरळ गेला. विहीर तिथे नव्हतीच. ती बुजवून वीस वर्षं झाली होती आणि तिच्या जागेवर पाण्याच्या पंपाची शेड उभी होती.

विक्रोळीच्या खाडीलगतच्या या नऊ होलच्या मैदानावर दोघं चौदाव्या वर्षी कॅडी म्हणून लागले. ह्युबर्ट मरोळच्या गावठाणातून सायकल हाणत यायचा, मधुकर काचकारखान्यामागच्या चाळीतून चालत. आठवडाभर साहेबांच्या बॅगा वाहायच्या आणि सोमवारी मैदान बंद असलं की मोडक्या क्लबांनी आपण खेळायचं. इथल्या कॅडींची एक रीत होती. ते अंतर आकड्यांत सांगत नसत, खूण सांगत. विहिरीचा कठडा, उंडीचं झाड, कारखान्याची चिमणी. तिशीनंतर ह्युबर्टची नजर कडांकडून विझत गेली आणि पस्तिशीत पुरती गेली, पण खेळ त्याने सोडला नाही. फटक्याआधी त्याला डोक्यात फक्त एक चित्र लागायचं आणि ते मधुकर द्यायचा.

विहीर बुजवली तेव्हा हे सांगायला मधुकरची जीभ रेटेना. मग उंडी पडली. मग चिमणीही गेली. डोळे गेलेल्या माणसाकडून आणखी काय काय काढून घ्यायचं, असं त्याला दर वेळी वाटायचं. म्हणून त्याने ह्युबर्टच्या डोक्यातलं मैदान होतं तसंच राखलं. बायकोलाही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं, कारण ती हसली असती.

आजची स्पर्धा दिव्यांग खेळाडूंची होती. समितीच्या पत्रात ह्युबर्टला तीन मुभा दिल्या होत्या. वाळूतून मारताना त्याने क्लब आधी वाळूला टेकवला तरी दंड नव्हता. फटक्याच्या वेळी त्याच्या मदतनीसाला चेंडूमागे रेषेत उभं राहता येणार होतं, जे इतर कोणाच्या कॅडीला चालत नाही. आणि तिसरी मुभा होती बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची. गाडी ह्युबर्टनेच अर्ज करून मागितली होती. तरी पहिल्या होलपासून तो एकदाही तिच्यात बसला नव्हता. तो गाडीच्या दांडीवर हात ठेवून चालत होता आणि मधुकर गुडघा लांब करून ती चालवत होता.

"तुला बसायचंच नव्हतं तर मागितलीस कशाला?" मधुकरने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"देत होते, घेतली. पुढे बघ."

शेवटच्या होलवर आले तेव्हा ह्युबर्ट दोन फटक्यांनी पुढे होता. त्यांच्याबरोबर पंच म्हणून जान्हवी नावाची एक तरुण मुलगी फिरत होती. मधुकरने तिला सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की नियमाबाहेर काही दिसलं तर खुशाल बोल, पण खुणांबद्दल विचारू नकोस.

जानेवारीतली संध्याकाळ होती, पाच वाजून गेले होते. हे होल मधुकरचं सगळ्यात लाडकं. पूर्वी या वेळेला चिमणीची लांब सावली बरोबर इथल्या टीवर, पहिला फटका मारायच्या जागेवर, येऊन पडायची, आणि तेवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात दोघं खेटून बसून चणे खायचे. थोड्या वेळाने कारखान्याचा भोंगा व्हायचा. मधुकरचे वडील, धोंडिराम, भट्टीवर होते. ते फाटकातून बाहेर पडले की खांद्यावरचा लाल पंचा काढून मैदानाच्या दिशेने हलवायचे. कोणता पोरगा आपला हे त्यांना तेवढ्या लांबून दिसत नसणार, तरी दोघंही हात हलवायचे. कारखाना बंद पडला आणि दोन वर्षांत धोंडिराम गेले. ते दिवस परत यावेत असं मधुकरला अजून वाटतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही.

आता तिथे तीन टॉवर होते.

मधुकर सवयीने वाकला. पातं टेकवलं, बुटावर चापटी मारली, मागे सरकून रेषेत उभा राहिला.

"चिमणीच्या उजव्या कडेवर."

फटका झकास बसला. आवाजावरूनच ह्युबर्टच्या चेहऱ्यावर हसू आलं. चेंडू उंच गेला आणि उजवीकडच्या भिंतीपलीकडे पडला.

मधुकरला चूक लगेच कळली. स्पर्धेसाठी टी पंचवीस पावलं उजवीकडे हलवली होती. ह्युबर्टला हे सकाळी सांगितलं होतं, त्याने मान डोलावली होती. मधुकरच्या हातांनी मात्र पंचेचाळीस वर्षांचा जुनाच कोन धरला होता.

"हद्दीबाहेर," जान्हवी हळूच म्हणाली. "एक दंड. ह्युबर्ट अंकल, इथूनच परत. हा तिसरा फटका."

दोन फटक्यांची आघाडी गेली होती.

"माझं चुकलं," मधुकर म्हणाला. "टी हलवलीय ते मी विसरलो रे."

"होतं असं. आता इथून चिमणी कुठे येते?"

या नव्या जागेवरून चिमणी कुठे दिसली असती, हे मधुकरला ठाऊक नव्हतं. इथून त्याने ती कधी पाहिलीच नव्हती. अंदाजाने सांगितलं तर चेंडू पुन्हा भिंतीपलीकडे जाण्याची भीती. खरं सांगितलं तर आत्ता, याच टीवर, ह्युबर्टचं सगळं मैदान खाली यायचं. जान्हवी मधुकरकडे बघत होती, मग तिने नजर वळवली.

"मधू, सांग ना."

"ह्युबर्ट..."

"नाहीये ना ती?"

मधुकरने खिशातून दुसरा चेंडू काढून टीवर ठेवला.

"मला माहितेय," ह्युबर्ट म्हणाला. तो क्लबवर रेलून उभा होता. "पाच वाजता सावली यायची ना, कपाळावर एक गार पट्टा लागायचा. बारा वर्षांपूर्वी तो लागायचा थांबला. आणि आता बघ, अख्खं अंग गार पडलंय. एवढी रुंद सावली चिमणीची असते का?"

"बारा वर्षं? मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या बाबांची चिमणी ती." ह्युबर्टचा आवाज जरा उतरला. "कारखाना बंद झाल्यावर तू त्याचं नावसुद्धा काढलं नाहीस. फक्त इथे आलास की चिमणी, चिमणी. मला वाटलं, याला लागते ती. असू दे."

खाडीकडून वारा आला. मधुकरने पँटला हात पुसले, मग उगाचच परत पुसले.

"विहीर?" त्याने विचारलं.

"पंपाची घरघर ऐकू येते मला. आंधळा आहे, बहिरा नाही."

जान्हवी घड्याळाकडे बघत नव्हती, पण थोडी पुढे सरकली. ह्युबर्ट सरळ उभा राहिला आणि त्याने पाय रोवले.

"बोल. काय आहे तिथे?"

मधुकर वाकला. त्याने पातं टेकवलं, या वेळी सावकाश, आणि बुटावर चापटी मारली. मग तो मागे रेषेत उभा राहिला आणि त्याने समोर बघितलं. इतक्या वर्षांत टॉवरकडे त्याने नीट असं कधी बघितलंच नव्हतं.

"तीन टॉवर आहेत. पिवळट रंगाचे. डावीकडचा सगळ्यात उंच. त्याच्या मधल्या एका गॅलरीत..." तो थांबला. "कोणीतरी लाल काहीतरी वाळत घातलंय. वाऱ्यावर हलतंय."

"त्याच्यावर?"

"त्याच्यावरच."

ह्युबर्टने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग क्लब फिरला, आणि तोच स्वच्छ आवाज आला.

"कुठे गेला?" ह्युबर्टने विचारलं.

मधुकरने डोळे पुसले, पुन्हा समोर बघितलं. हिरवं, पिवळं, लाल, सगळं एकात एक मिसळलं होतं.

"दिसला नाही रे मला."

"सरळ गेलाय," ह्युबर्ट म्हणाला आणि चाचपडत त्याने गाडीची दांडी धरली. "चल, बस. गुडघा सांभाळून."