निरोगी माणसाचा नमुना

उज्मा अमरावतीला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती. सोमवारी लघवी तपासायचं प्रात्यक्षिक होतं आणि सरांनी प्रत्येकीला एका निरोगी माणसाचा नमुना आणायला सांगितला होता. रविवारी ती अकोटला घरी आली.

"माहा घेऊन जाय," तिचे वडील वली म्हणाले. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. "घरात माह्याएवढा तगडा कोनी नाही."

त्यांना अकरा वर्षांपासून शुगर होती. पण या घरात आजारी म्हणजे खाटेवर पडलेला माणूस, आणि वली कधी पडले नव्हते. गोळी ते आठवेल तेव्हा घेत.

पहिल्या एसटीनं बाटली अमरावतीला गेली. वर्गात उज्मानं पट्टी बुडवली. पट्टीवरचा प्रथिनांचा चौकोन पिवळा राहायला हवा होता. तो गडद हिरवा झाला, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती.

"निरोगी माणसाचा सांगितला होता," सर म्हणाले.

"निरोगीच आहेत, सर. अब्बा आहेत."

सरांनी दुसरी पट्टी दिली. तीही हिरवी झाली. बाकीच्या मुलींनी तो रंग वहीत उतरवून घेतला.

उज्मानं बाहेर जाऊन फोन लावला. "अब्बा, लघवीले फेस येते काय?"

"येते ना. दोन वर्सं झाले. अंगात जोर हाये म्हनून येते."

त्याच आठवड्यात ती त्यांना अकोल्याला किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी रिपोर्ट पाहिले.

"किडनीत गाळणाऱ्या पेशी असतात. बारीक रक्तनळ्यांना पायांनी विळखा घालून बसतात. पायांमधल्या फटींतून पाणी जातं, प्रथिनं आत राहतात. शुगरनं तुमच्या पेशींचे पाय चपटे झाले. काही तर सुटून लघवीवाटे गेल्या."

"नव्या येतीन ना?"

"त्या सहसा पुन्हा तयार होत नाहीत."

"पन मले दुखलं तं काहीच नाही."

"त्यांना दुखत नाही."

वली उज्माकडे वळले. "मंग मले कोनी सांगतलं काहून नाही?"

"अम्मी रोज सांगे, गोळी घ्या म्हनून."

"मले थे भांडन वाटे."

येताना एसटीत ते उज्माचा हात धरून बसले. ती मोठी झाल्यापासून त्यांनी तो धरला नव्हता. तिनं सोडवून घेतला नाही.

गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, लोणचं बंद झालं. आठ महिन्यांनी लघवीतली प्रथिनं निम्म्यावर आली.

"गेल्या त्या गेल्या," बाई म्हणाल्या. "राहिलेल्या सांभाळा."

"किती राहिल्या?"

"तशा मोजता येत नाहीत."

"मंग सगळ्याईलेच संभाळा लागीन," वली म्हणाले आणि चपला घालायला बाहेर गेले.