भांडणं गिळणारं तस्त

मी तस्त बोलतोय. साधंसुधं नव्हे, तंजावरच्या राजवाड्याचं! म्हणजे, राजवाड्यासमोरचं. खरं सांगायचं तर समोरच्या भांडीवाल्याच्या फळीवर चार दिवस होतो, आणि तेही भिंतीकडे तोंड करून.

तस्त म्हणजे काय, हे हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. पान खाऊन पिंक टाकायचं भांडं. तमिळात पडिक्कम. पितळी अंग, बारीक कंबर आणि वर हे एवढं पसरट तोंड. कंबर पाहून लोक भाळतात, तोंडात डोकावून पळतात.

कुंभकोणच्या कारागिरानं मला घाईघाईत ओतलं, म्हणून बूड जरा तिरकं राहिलं. लोक त्याला खोड म्हणतात, मी कला म्हणतो. कुणी पांढरंशुभ्र धोतर नेसून ऐटीत थुंकायला वाकला, की मी किंचित डुलतो. बस्स. पाहुणा धोतरावर लाल ठिपके घेऊन, बायकोला काय सांगायचं ते जुळवत घरी जातो.

माझं शिक्षणही झालंय. अर्धं. माझे मालक अनिरुद्धराव शाळेत मास्तर, घरीही शिकवणी घ्यायचे, आणि मी त्यांच्या झोपाळ्याखाली. "अकबराचा जन्म..." इथवर ऐकू यायचं, की वरून पिंक. अकबर जन्मला की नाही, मला अजून ठाऊक नाही.

हे घर गमतीचं. तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज महाराष्ट्रातून इकडे तंजावरला आले, ते इथलेच झाले. लाड करायचे मराठीत, भांडायचं तमिळात आणि खोटं बोलायचं इंग्रजीत. भांडायचे मात्र रोज. आणि भांडण मिटवायची यांची रीत ऐकाल तर जेवण जाणार नाही. दोघा भांडखोरांना समोरासमोर बसवायचं. एकमेकांना विडा भरवायला लावायचा. मग दोघांनी माझ्यात थुंकायचं. थुंकून टाकला राग, मिटलं भांडण!

शी! राग यांचा, तोंड माझं. वाटणीची भांडणं गिळली, लग्नातल्या मानपानाची गिळली, जावा-जावांची तर जाड बुडाची पातेली भरून गिळली. सगळी कडू. आणि एक सांगू? थुंकताना दोघं हसायचे, पण भांडण कशावरून होतं, ते पोटातच राहायचं. ते विचारायची या घरात पद्धत नाही.

मग ते ब्याण्णव-त्र्याण्णव साल आलं. गच्चीवर केबलची तार आली आणि दुकानात सगळंच पुडीत यायला लागलं. शांपू पुडीत, कॉफी पुडीत, लोणचं पुडीत. त्यांच्याच शेजारी तोरणासारख्या लोंबू लागल्या सुगंधी सुपारी-तंबाखूच्या पुड्या. पानाची पिंक घाणच, पण ओळखीची घाण. या पुडीचा वास म्हणजे अत्तराच्या दुकानात उंदीर मेलाय!

तो वास मला पहिल्यांदा आला वादिराजच्या थुंकीत. वादिराज हा अनिरुद्धरावांच्या लेकीचा मुलगा, वय चौदा, दोन घरं पलीकडे राहतो. त्याची आणि तेरा वर्षांच्या गिरीशची, म्हणजे अनिरुद्धरावांच्या घरच्या नातवाची, शाळेमागे मारामारी झाली. गिरीशचा सदरा फाटलेला, वादिराजचा ओठ फुटलेला.

"बसा!" अनिरुद्धराव झोपाळ्यावरून गरजले. "भाऊ भाऊ ना तुम्ही? भरवा विडा."

"आजोबा, पण यानं मला..."

"पण नाही, बिण नाही. थुंक."

गिरीश थुंकला. वादिराज थुंकला. तेव्हाच आला मला तो मेल्या उंदराचा वास. मी डुललो, खडखडलो, पण पितळेचं कोण ऐकतो? अनिरुद्धराव खूश. दोघं गळ्यात गळा घालून बाहेर गेले.

पंधरा दिवसांत गिरीशच्या थुंकीलाही तोच वास. दुपारी आजोबा घोरायला लागले, की पोरगा गुपचूप येऊन माझ्यात थुंकायचा. जेवताना रस्सम झोंबायचं म्हणून ताकभातच मागायचा. आई, भामाबाई, म्हणायची, "उन्हाळा बाधला वाटतं." उन्हाळा! मला ओकारी येत होती, आणि तस्ताला ओकारी आली तर जायचं कुठं?

हे कळलं फक्त हरिताला. ही गिरीशची थोरली बहीण, चौदा वर्षांची. कामवाली शेषम्मा म्हणाली होती, "भांडी घासीन, पडिक्कम नाही," म्हणून मला धुण्याचं काम हिच्या गळ्यात पडलं होतं. नाक दाबून, काथ्यानं, चिंच-राख लावून घासायची, आणि मला अशा शिव्या द्यायची की माझं पितळ उजळायचं. एका सकाळी तिच्या बोटाला पुडीचा चकचकीत तुकडा लागला. आजोबा पुडीला शिवत नाहीत, आणि घरात तोंड झोंबतं म्हणून ताकभात मागणारा एकच.

मला वाटलं, आता ही आजोबांकडे पळणार. मजा! पण तिनं विहिरीपाशी दात घासणाऱ्या गिरीशलाच हाक मारली.

"डेय, इकडे ये. त्या दिवशी भांडण कशावरून झालं होतं?"

इतक्या वर्षांत या घरात हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला मी. गिरीशनं तोंडातला फेस थुंकला. मग म्हणाला, "तो पुडी घे म्हणत होता. मी नको म्हटलं. मग मारलं त्यानं. मग आजोबांनी विडा दिला. भांडण मिटलं ना, अक्का? आता परत नको म्हटलं, तर मीच भांडखोर."

"तुला हवी असते?"

"तोंड सोलवटतं गं. पण तो बोलेनासा झाला तर?"

हरितानं मला खाली आपटलं. "मी वादिराज. तू गिरीश. बोल." आणि परकर खोचून, मान वाकडी करून ती वादिराज झाली. "काय रे, घे की! बाळ आहेस?"

"आजोबा रागावतील."

"आजोबा? ते तर दिवसभर पान चघळतात! पुढे?"

"माझं पोट दुखतंय."

"उद्या दुखणार नाही. मग?"

"अक्का, तू त्याच्यापेक्षा वाईट आहेस!"

"मी अक्का नाही, वादि. घे!"

गिरीशनं चूळ भरली. "मला नको. मला आवडत नाही."

"मग मी तुझ्याशी बोलणार नाही, जा."

इथं पोरगा अडकला. मग हळूच म्हणाला, "नको बोलूस. मी संध्याकाळी कॅरम मांडणार आहे. यावंसं वाटलं तर ये."

"हे! हेच!" हरितानं बादलीभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं. चार दिवस रोज सकाळी हे नाटक चाललं. दगडावर खडखडून टाळ्या मी वाजवल्या, श्रेय कुणी दिलं नाही.

आणि आज रविवार. वादिराज आलाय. दारातूनच त्यानं खिशावर थाप मारून खूण केली. गिरीश मोठ्यानं बोलला. "वादि, मला पुडी नको. कॅरम मांडलाय, खेळायचं तर ये."

वादिराजनं त्याची कॉलर धरली. झोपाळा थांबला. "पुन्हा भांडण? हरिता, पानाचं ताट आण!"

"विडा नको, आजोबा," गिरीश म्हणाला. "मागच्या वेळी विडा खाल्ला, आणि मग याला नको म्हणताच येईना."

"भांडण कशावरून होतं, ते तुम्ही विचारलंच नाहीत," हरिता म्हणाली. ताट तिनं आणलं नाही.

अनिरुद्धरावांनी वादिराजचा खिसा उलटा केला. चार पुड्या पडल्या. कॉलरवरचा हात आपोआप सुटला आणि तो दांडगा पोरगा माझ्या शेजारी मटकन बसला. "सुटत नाही, आजोबा. शाळेत दोन तास गेले की डोकं फुटतं. एकट्यानं खायची भीती वाटते, म्हणून याला ओढत होतो."

वाचणाऱ्यांनो, माझी एवढीच विनवणी. पोरं भांडली तर त्यांना थुंकायला लावू नका, विचारा. मला आता एक थेंबही गिळवत नाही.

पण इकडे सवय कुठली जायला! अनिरुद्धराव वाकले, माझ्यात लांबलचक पिंक टाकली, मिशी पुसली आणि म्हणाले, "ह्यॅ! त्यात काय मोठं? मनात आणलं की असं सुटतं!"

वादिराजनं वर पाहिलं. "मग आधी तुम्ही सोडा ना, आजोबा. मी बघून शिकतो."