बाहेरून उघडत नाही

अब्बांच्या मोबाइलवर बद्रीकाकांचा फोन आला तेव्हा मी भांडी जागेवर लावत होते. अब्बांना जाऊन काही आठवडे झाले होते आणि त्यांच्या फोनवर आता फक्त कर्ज हवंय का विचारणारे लोक उरले होते. मी फोन उचलला, आणि तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला, "काय रे हमीद, पान बंद करून बसलास! मेलास का काय?"

"काका, मी माहेनूर बोलतेय," मी म्हणाले.

मग जे सांगायचं ते सांगितलं.  ते "असं का" एवढंच म्हणाले आणि फोन बंद झाला.

बद्रीनाथकाका आणि अब्बा टेलिफोन खात्यात एकाच एक्स्चेंजवर होते. निवृत्त झाल्यावर काका वाशीमला परत गेले. ते व्हॉट्सॲप वापरत नाहीत. "मी काय गुन्हा केलाय?" असं विचारतात. पण रोज सकाळी चहाबरोबर अब्बांचं पान उघडायचं, हा त्यांचा नेम. त्यावर त्यांच्या ओळखीचं कोणी नसलं तरीही.

पान म्हणजे अब्बांनी बिबवेवाडीतल्या आमच्या घरातून चालवलेली छोटी वेबसाइट. आपल्या लोकांत कोणाचा इंतकाल झाला, जनाजा कुठल्या नमाजनंतर, दफन कुठल्या कब्रस्तानात, एवढंच त्यावर असे. फोटो नाही, शेर नाही, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' नाही. नियम एकच होता. मयतीच्या घरी स्वतः बोलल्याशिवाय ओळ लिहायची नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मागे एकदा कोंढव्यातल्या एका गृहस्थांच्या निधनाची बातमी फिरली, आणि संध्याकाळी ते गृहस्थच मशिदीत येऊन "किती वाजता आहे म्हणे माझं?" असं विचारून गेले. तेव्हापासून लोक ग्रुपवर हळहळत आणि घराबाहेर पडण्याआधी पान बघत.

ते पान ज्या कॉम्प्युटरवर होतं तो आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात घरघरत असे. अम्मीने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, अब्बा तो रोज काढून ठेवत. "मशीनला गुदमरायला होतं." तौफिक, माझा धाकटा भाऊ, खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने अनेकदा सुचवलं होतं की हे सगळं एखाद्या कंपनीच्या मशीनवर टाकू, घरची वीज तरी वाचेल. अब्बा ऐकत नसत. टेलिफोनमध्ये सगळी अक्कल एक्स्चेंजमध्ये असते, असं ते म्हणत. घरातलं यंत्र मठ्ठ. एक्स्चेंजने ठरवलं तर तुम्ही बोलणार. आणि ज्यांनी इंटरनेट आखलं त्यांनी हे उलटं केलं. मधलं सगळं मठ्ठ ठेवलं, फक्त पोचवण्यापुरतं. अक्कल दोन टोकांना. प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता, कोणीही कोणाच्याही दारापर्यंत थेट यावं. "मी आयुष्यभर मधल्याची नोकरी केली," ते म्हणत. "आता मला टोकाला बसू दे."

काकांचा फोन आल्यावर मी पान उघडून पाहिलं. ते उघडलं. सगळ्यात वर अब्बांचीच ओळ होती, मीच लिहिलेली. नियमाप्रमाणे मयतीच्या घरी बोलायचं होतं, आणि घर आमचंच होतं. मला वाटलं, काकांच्या फोनमध्येच काहीतरी बिघाड असेल. तरी तौफिकला विचारलं.

 तो म्हणाला, "आपा, वायफाय बंद करून बघ."

बंद केलं. गोल चक्र फिरत राहिलं.

अब्बा हॉस्पिटलमध्ये असताना तौफिक इकडे राहून काम करत होता. जुन्या लाइनवर त्याच्या मीटिंग तुटायच्या, म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. अब्बांना सांगायचं राहिलं, आणि मग सांगायला कोणी उरलं नाही. जुन्या लाइनवर आमच्या घराला स्वतःचा पत्ता होता. नव्या कंपनीकडे पत्ते कमी, घरं फार. म्हणून तिने शेकडो घरांमागे एकच पत्ता ठेवलेला. घरातून बाहेर कुठेही जाता येतं. बाहेरच्याने आमचं दार शोधायचं म्हटलं, तर दारच नाही. अब्बांनी घरातल्या फोनवर पानाचा जो पत्ता साठवला होता तो शोकेसमधल्या मशीनचा घरातल्या घरातला पत्ता. त्यामुळे मला पान दिसत राहिलं. मी रोज बघत होते आणि समाधान मानत होते.

अब्बांच्या जनाज्याला बाहेरगावचं जवळपास कोणीच नव्हतं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, कामाचा दिवस आहे.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. बरीच बटणं दाबल्यावर एक मुलगी बोलली.

"मॅडम, आपलं इंटरनेट चालू आहे का?"

"चालू आहे."

"व्हिडिओ वगैरे सगळं चालतंय?"

"चालतंय. मला बाहेर जाता येतं. बाहेरच्याला आत येता येत नाही."

"मॅडम, ते तर सिक्युरिटीच्या दृष्टीने चांगलंच आहे ना?"

मी अब्बांच्या मशीनला वेगळा पत्ता हवा असल्याचं सांगितलं. तो घरगुती ग्राहकांना मिळत नाही, बिझनेसवाल्यांना मिळतो. दुकानाचा परवाना लागेल. आपला बिझनेस काय आहे, मॅडम?

"मयतीच्या बातम्या," मी म्हणाले.

तिने मला होल्डवर टाकलं. तिथे सनई वाजत होती.

नंतरचे दिवस मी यातच घालवले. जुन्या कंपनीने आमच्या भागातली तांब्याची तार काढून घेतली होती. नव्या कंपनीच्या ऑफिसात एका मुलाने माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण घरात सर्व्हर कशाला ठेवायचा?" चुलीवर स्वयंपाक करतेस का, असं विचारावं तसं. मी बरंच वाचूनही काढलं. पत्ते कमी पडणार हे फार पूर्वी लक्षात आलं होतं. नवे, न संपणारे पत्ते तयारही केले गेले. पण तोवर एक तात्पुरतं ठिगळ हवं होतं, म्हणून पत्ते वाटून घेतले. ठिगळ टिकलं. त्याच्यावर माणसं नोकरीला लागली. मग सगळ्यांना पान झटकन उघडायला हवं, म्हणून मोठ्या कंपन्यांनी शहराशहरांत मशीनची गोदामं बांधली आणि दोन टोकं एकमेकांशी बोलायची थांबून गोदामाशी बोलू लागली. प्रत्येक पायरीला कारण होतं आणि प्रत्येक कारण बरोबर होतं. मला एक तरी मूर्ख माणूस हवा होता, ज्याच्यावर ओरडता येईल. तो कुठेच सापडला नाही.

म्हणून तौफिकवर ओरडले.

"आपा, दहा मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "एक मशीन भाड्याने घेऊ, पान तिकडे ठेवू. नाव तेच राहील. लोकांना काही कळणारसुद्धा नाही."

"त्याचाच तर राग येतोय."

"तुला पान चालू करायचंय की अब्बांचं म्हणणं खरं करायचंय?"

मी फोन ठेवला. हे त्याने विचारायला नको होतं. 

गुरुवारी सकाळी शहेजाद आला. मागच्या गल्लीत त्याचं शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे. तो दारातच उभा राहिला. चपला काढाव्यात की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"आपा, अम्मी गेली. पहाटे, फजरच्या वेळी."

आबेदाखाला. अब्बांच्या वेळी आमच्याकडे तीन दिवस जेवण त्यांनीच पाठवलं होतं. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं.

"जनाजा संध्याकाळी मगरिबनंतर ठेवलाय, सोलापूरहून खाला लोक, अम्मीच्या बहिणी, यायच्यात म्हणून," तो म्हणाला. "मी सगळ्या ग्रुपवर टाकलंय. फोनही केला. पण मोठ्या खाला म्हणतात, हमीदभाईंच्या पानावर कुठे आहे? त्यांना म्हटलं, खालाजान, मी मुलगा आहे, मी सांगतोय. तर म्हणतात, तू रडतोयस, तुला वेळ नीट कळली नसेल. पानावर बघू, मग निघू."

त्याला हसू आलं आणि मग तो खरोखरच रडायला लागला.

मी आत जाऊन तौफिकला फोन केला. "कर," एवढंच म्हणाले. त्याने काही विचारलं नाही, हे त्याचे उपकार. काम दहा मिनिटांत झालं नाही, चांगला तास गेला. तोवर मी शहेजादला वेळ, मशीद आणि कब्रस्तान पुन्हा विचारून घेतलं, समोर बसलेला असला तरी. मग ओळ लिहिली. या वेळी वायफाय बंद करून, खाली रस्त्यावर जाऊन पाहिलं. पान उघडलं, पूर्वीपेक्षा लवकर. सोलापूरची मंडळी दुपारी निघाली आणि वेळेत पोचली. कब्रस्तानातून परतल्यावर तौफिकने सांगितलं, तिथे दोघांनी त्याला म्हटलं, बरं झालं, हमीदभाईंचं पान पुन्हा सुरू झालं. फरक कोणालाच कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीकाकांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे.

"पान दिसतंय," ते म्हणाले. "पण ते तुमच्या घरातून येत नाही. मी कॉम्प्युटरवर त्याचा रस्ता काढून बघितला. मुंबईतल्या कुठल्या तरी गोदामाशी जाऊन थांबतंय."

मी त्यांना सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, अर्ध्या वाक्यातच त्यांना कळत होतं. ते चिडतील याची मी वाट बघत होते. मला ते चिडायला हवे होते.

"पत्ते संपले तर वाटूनच घेणार," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही नव्हतो का एका तारेवर दोन घरं जोडत."

"अब्बांनी असं केलं असतं?"

"हमीदने? छे. तो कंपनीच्या दारात खुर्ची टाकून बसला असता. आणि खुर्चीवरून एकेकाला फोन करत बसला असता."

मी शोकेसमधल्या मशीनवरचा रुमाल काढून ठेवला.

"तू मला फोन केला नाहीस, माहेनूर."

"पानावर लिहिलं होतं, काका. मला वाटलं, तुम्ही रोज बघता."

"बघत होतो ना," ते म्हणाले. "रोज उघडून बघत होतो. वाटायचं, लाइन गेली असेल. हमीद आहे, करेल दुरुस्त."

  त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.